चौकशी समितीवर बसण्याआधी: सेवाकार्यातील पैसा, गैरवर्तन आणि मौन

बंधू, तुमचा प्रश्न मी दोन वेळा वाचला. इतर वाचकांसाठी तो आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही अकरा वर्षांपासून एका स्वतंत्र ख्रिस्ती सेवाकार्याचे सभासद आहात. ते कोणत्याही जुन्या पंथाच्या किंवा धर्मप्रांताच्या अधिकाराखाली येत नाही, आणि ज्या पाळकांनी ते स्थापन केले तेच आजही त्याचे प्रमुख आहेत. दोन महिन्यांपूर्वी, तेथे पूर्वी काम केलेल्या एका भगिनीने विश्वस्तांना पत्र लिहून कळवले की समुपदेशनाच्या नावाखाली पाळकांनी तिच्याशी लैंगिक गैरवर्तन केले. त्याच महिन्यात खजिनदारांनी कारण न देता राजीनामा दिला. विश्वस्त मंडळात पाळक, त्यांची पत्नी, त्यांचे मेहुणे आणि दोन जुने सहकारी आहेत. प्रकरण अंतर्गत पातळीवर मिटले आहे, कोणी चर्चा करू नये, सर्वांनी प्रार्थना करावी, असे निवेदन मंडळाने उपासनेनंतर वाचून दाखवले. कुजबुज थांबली नाही, म्हणून आता तीन सभासदांची चौकशी समिती नेमायचे ठरले आहे आणि तिच्यात तुम्ही असावे असा आग्रह धरला जात आहे. समितीवर जावे का आणि दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, देणे थांबवावे का, असे तुम्ही विचारले आहे.

मी गेली बावीस वर्षे धार्मिक आणि धर्मादाय संस्थांचे हिशेब तपासतो. त्यांपैकी काही संस्थांत गैरवर्तनाच्या तक्रारी आल्या तेव्हा कागदपत्रे तपासण्याचे काम माझ्याकडे आले, आणि ते मी दर वेळी जड मनाने केले, कारण मी स्वतः विश्वासी आहे आणि अशाच एका लहान मंडळीत वाढलो आहे. अनुभवावरून एक गोष्ट ठामपणे सांगतो. पाळक दोषी आहेत की नाहीत हे ठरवण्याचे काम आज तुमच्यापुढे नाही. ज्याच्या पगारावर, नात्यावर किंवा आध्यात्मिक भीतीवर पाळकांची पकड नाही असा एक तरी माणूस त्या भगिनीचे म्हणणे ऐकायला आणि खजिनदारांची वही उघडायला उपलब्ध आहे का, हा आजचा खरा प्रश्न आहे. तुम्ही दिलेल्या वर्णनावरून तरी असा माणूस त्या मंडळात दिसत नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून कळणार नाहीत. तक्रार खरी की खोटी, याबद्दल मी एक शब्दही लिहिणार नाही. संस्थेची घटना सभासदांना कोणते अधिकार देते, ती कोणत्या कायद्याखाली नोंदलेली आहे, हिशेब पाहण्याचा हक्क कोणाला आहे, हे प्रत्येक ठिकाणी वेगळे असते, आणि त्यासाठी एखाद्या वकिलाला घटनेची प्रत दाखवणे अटळ आहे. मात्र एका बाबतीत परिस्थितीला वाव नाही. घटना घडली तेव्हा ती भगिनी अल्पवयीन होती असे पत्रातून दिसत असेल, किंवा आजही मुले त्या व्यक्तीच्या संपर्कात एकट्याने येत असतील, तर समितीचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी पोलीस किंवा बालसंरक्षण यंत्रणेकडे जा. अनेक देशांत अशी माहिती दडवून ठेवणे हाच गुन्हा आहे, आणि "आम्ही आधी आपसात खात्री करून घेत होतो" हे उत्तर तिथे चालत नाही. आपसातल्या अशा "खात्री"मध्ये पुरावे जातात आणि मुलांवर दबाव येतो.

आता पैसा आणि गैरवर्तन यांचा संबंध. तुम्ही ते दोन वेगळे मुद्दे म्हणून लिहिले आहेत. मी ते एकत्र वाचतो. एका संस्थेत मी "विशेष मदत" या खात्याची व्हाउचरे पाहत होतो. बारा महिन्यांची बारा व्हाउचरे होती, प्रत्येकावर सारखीच गोल रक्कम, घेणाऱ्याच्या नावाऐवजी फक्त "गरजू भगिनी", आणि मंजुरीच्या रकान्यात एकट्या प्रमुखांची सही. तारखा वर्षभर पसरलेल्या होत्या, पण व्हाउचरांचे छापील क्रमांक सलग होते आणि सगळी एकाच पेनाच्या त्याच निळ्या शाईत लिहिलेली होती. म्हणजे वर्षभर पैसे दिले गेले असतील, पण कागद मात्र माझ्या तपासणीच्या आधी एका बैठकीत तयार झाला होता. मी खजिनदारांना विचारले तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत, आणि मग म्हणाले, "मला एवढेच सांगितले होते की ही मुलगी गावी गेली आहे आणि तिला मदत करायची आहे." ती मुलगी त्या संस्थेची माजी कर्मचारी होती. तिला मदत म्हणून दिलेला पैसा तिने गप्प राहावे यासाठी होता, हे नंतर तिच्याच तोंडून कळले. त्या हिशेबात एका पैशाचीही बेरीज चुकलेली नव्हती.

जाहीर नोंद असलेली प्रकरणे हेच सांगतात. अमेरिकेतील जिम बेकर यांच्या पीटीएल या दूरचित्रवाणी सेवाकार्यात १९८७ साली वादळ उठले, ते एका महिलेला गप्प ठेवण्यासाठी अडीच लाख डॉलरहून अधिक रक्कम दिली गेल्याचे बाहेर आल्यामुळे. त्या एका देण्यामागे लागलेल्या लोकांना पुढे त्याहून फार मोठी गोष्ट सापडली. विश्रामधामात आयुष्यभर दरवर्षी मुक्काम करण्याचा हक्क एक हजार डॉलरच्या भागीदारीत विकला जात होता, आणि जितक्या लोकांची सोय होऊ शकली असती त्याहून कितीतरी जास्त लोकांना तो विकला गेला होता. १९८९ साली बेकर फसवणूक आणि कट यांच्या २४ आरोपांवर दोषी ठरले. त्यांना झालेली ४५ वर्षांची शिक्षा पुढे अपिलानंतर बरीच कमी झाली आणि १९९४ साली ते सुटले. गैरवर्तन लपवण्यासाठी गेलेल्या पैशाचा माग काढताना देणगीदारांची फसवणूक उघडी पडली, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

देशोदेशी व्याख्याने देणारे ख्रिस्ती सुवार्तिक रवी झकारायस यांच्या प्रकरणात क्रम उलटा होता. २०१७ साली एका विवाहित महिलेने त्यांच्याविरुद्ध तक्रार केली तेव्हा त्यांच्या संस्थेने त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि प्रकरण गोपनीयतेच्या करारात बंद झाले. मे २०२० मध्ये त्यांचे निधन झाल्यावर इतर महिला पुढे आल्या. आरंभी संस्थेचा कल आरोप नाकारण्याकडेच होता. पुढे तिनेच नेमलेल्या कायदेतज्ज्ञांचा अहवाल फेब्रुवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात अनेक वर्षे चाललेल्या लैंगिक गैरवर्तनासोबत एका मानवतावादी निधीचाही उल्लेख आला. गरजूंच्या मदतीसाठी म्हणून असलेल्या त्या निधीतील बऱ्याच रकमा त्यांना मसाज देणाऱ्या काही महिलांकडे गेल्या होत्या. देणगीदारांनी तो पैसा कोणत्या भावनेने दिला असेल, याचा विचार करून पाहा. त्या संस्थेत हुशार, प्रामाणिक, अभ्यासू माणसांची कमतरता नव्हती; ज्याला प्रमुखांकडे "हा पैसा कोणाला गेला" असे विचारून उत्तर मिळेपर्यंत उभे राहता आले असते, अशी जागा मात्र तिथे कोणालाच नव्हती.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण तुमच्या मंडळीतले लोक बहुधा म्हणत असतील की पाळक साधे राहतात, त्यांनी स्वतःसाठी काही घेतलेले नाही. सिंगापूरच्या सिटी हार्वेस्ट चर्चमध्ये इमारतीसाठी जमा झालेला निधी पाळकांच्या पत्नीच्या गायनाच्या कारकिर्दीवर वळवला गेला, आणि ते वळवणे झाकण्यासाठी आणखी रकमा फिरवल्या गेल्या. दोन्ही मिळून आकडा सुमारे पाच कोटी सिंगापूर डॉलरचा होता. ती कारकीर्द म्हणजे सुवार्तेचाच एक मार्ग आहे, अशी त्यांची भूमिका होती. २०१५ साली तिथल्या न्यायालयाने सहा जणांना दोषी ठरवले. पैसा कोणाच्या खिशात गेला एवढाच प्रश्न नसतो. ज्या कामासाठी तो दिला होता त्याच कामाला तो लागला का, आणि तो वळवण्याचा निर्णय कोणी, कोणाला विचारून घेतला, हा प्रश्न आधी येतो.

म्हणून हिशेब पाहायला मिळाले तर एकूण जमा आणि एकूण खर्च यांच्यावर नजर ठेवून समाधान मानू नका. ते जुळलेलेच असतात. विशिष्ट कारणासाठी गोळा केलेल्या निधीचे खाते वेगळे ठेवले आहे का, पाळकांना मानधनाव्यतिरिक्त घर, गाडी, प्रवास आणि "सेवा भेट" म्हणून काय मिळते आणि ते कोण ठरवते, नातेवाइकांच्या नावावरील जागेचे भाडे संस्था भरते का, हे विचारा. वकिलांची देयके आणि मदतीच्या नावाखालची नियमित देणी यांची यादी स्वतंत्र मागा, कारण तडजोडीचे पैसे बहुधा या दोन ठिकाणी सापडतात. अर्पणाची रोकड किती जणांनी मिळून मोजली आणि मोजणीच्या कागदावर कोणाच्या सह्या आहेत, हेही पाहा. देणगीदारांची नावे उघड करायला नकार मिळाला तर तो योग्य असू शकतो. खर्चाचे तपशील दाखवायला नकार मिळाला तर तो समजून घेण्यासारखा नाही.

आता समितीकडे येतो. सध्याच्या स्वरूपात तिच्यावर जाऊ नका, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही, आणि नेमक्या त्याच कारणाने तुमचे नाव त्यांना हवे आहे. शिकागोजवळच्या विलो क्रीक या मोठ्या मंडळीत संस्थापक पाळक बिल हायबल्स यांच्याविरुद्धच्या तक्रारी आधी मंडळीच्या वडिलांनीच, म्हणजे कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांनीच, हाताळल्या होत्या आणि त्यांना दोषमुक्त ठरवले होते. मार्च २०१८ मध्ये वृत्तपत्रातून तक्रारी बाहेर आल्या तेव्हा नेतृत्वाने आधी तक्रारदार महिलांवरच संशय घेतला. एप्रिलमध्ये हायबल्स यांनी पद सोडले, ऑगस्टमध्ये संपूर्ण वडीलमंडळाने चूक मान्य करून राजीनामा दिला, आणि २०१९ च्या आरंभी बाहेरच्या सल्लागार गटाने आरोप विश्वासार्ह असल्याचे म्हटले. ते वडील वाईट माणसे होती असे मी मानत नाही. ज्याच्या उपदेशाने आपला विश्वास घडला, ज्याने आपल्या मुलांना आशीर्वाद दिला, त्याची चौकशी आपणच करायची, हे ओझे कोणत्याही माणसाला पेलणारे नाही. ते तुम्हालाही पेलणार नाही, आणि यात कमीपणा काही नाही.

नकार देताना मात्र नुसता नकार देऊ नका. योग्य चौकशी कशी हवी ते लेखी मांडा. चौकशी करणारे बाहेरचे असावेत, आणि गैरवर्तनाच्या तक्रारी हाताळण्याचा त्यांना अनुभव असावा. वकिलांची फर्म नेमली जाणार असेल तर ती सत्य शोधण्यासाठी नेमली आहे की संस्थेचा बचाव करण्यासाठी, हे नेमणूकपत्रात स्पष्ट हवे; दोन्ही कामे एकाच फर्मला देता येत नाहीत. व्याप्ती एका पत्रापुरती मर्यादित नसावी, कारण दुसरी कोणी पुढे आली तर "हे आमच्या कक्षेत नाही" असे उत्तर तिला मिळते. अहवाल पाळकांकडे किंवा त्यांच्या नातेवाइकांकडे आधी जाऊ नये, आणि निष्कर्ष सभासदांना कळवण्याचे आश्वासन आरंभीच मिळावे. ज्यांनी पूर्वी गोपनीयतेच्या करारांवर सह्या केल्या आहेत त्यांना चौकशीपुरते तरी लेखी मोकळे करावे. चौकशी संपेपर्यंत पाळकांनी उपदेश, समुपदेशन आणि बँकेच्या खात्यावरील सही, या तिन्हींपासून दूर राहावे. ही शिक्षा नाही. मानधन चालू ठेवा, त्यांच्या कुटुंबाची काळजी घ्या, त्यांचे म्हणणे पूर्ण आणि नीट ऐकले जाईल याची व्यवस्था करा. आरोप खोटा असेल तर बाहेरच्या चौकशीतून मिळालेली निर्दोषता त्यांच्या उरलेल्या आयुष्यभर उपयोगी पडेल, आणि मेहुण्यांनी दिलेली निर्दोषता एक आठवडाही टिकणार नाही.

विश्वस्त मंडळाच्या रचनेबद्दल थोडक्यात लिहितो. १९७९ साली अमेरिकेत सुवार्तिक संस्थांनी आर्थिक उत्तरदायित्वासाठी स्वतःची एक परिषद स्थापन केली. तिच्या निकषांनुसार मंडळात किमान पाच सदस्य हवेत आणि बहुसंख्य सदस्य स्वतंत्र हवेत, म्हणजे ते संस्थेचे कर्मचारी किंवा त्यांचे नातेवाईक नसावेत. तुमच्या मंडळात पाच जण आहेत, पण त्यांतले तीन एकाच कुटुंबातले आहेत. नकळत झालेली रचना असो वा हेतुपुरस्सर, मत मोजायची वेळ आली की परिणाम एकच होतो.

तुम्हाला वचने ऐकवली जातील, किंबहुना ऐकवली गेली आहेत असे तुम्ही लिहिले आहे. देवाच्या अभिषिक्ताला हात लावू नये, हे स्तोत्र १०५ मधील वचन त्यात पहिले. ते स्तोत्र उघडून आधीच्या ओळी वाचा. तिथे एका राष्ट्रातून दुसऱ्या राष्ट्रात भटकणाऱ्या, संख्येने थोड्या, परक्या लोकांना देव राजांपासून वाचवतो. राजांना धमकावले जाते ते या परक्यांच्या बाजूने. तेच वचन सत्ता असलेल्याच्या बचावाला आणि जिच्याजवळ काहीच नाही तिला गप्प करायला वापरले जाते तेव्हा मला खरोखर यातना होतात. दावीद तर अभिषिक्त राजाच होता, तरीही त्याचे पाप दाखवायला नाथान संदेष्टा त्याच्यासमोर उभा राहिलाच. मत्तय १८ मधील "एकांतात जाऊन सांग" हा नियमही त्या भगिनीला ऐकवला जाईल. भावाभावांतल्या अपराधासाठी दिलेला तो मार्ग आहे, आणि जिथे एकांतातच दुखापत झाली तिथे तिला पुन्हा एकांतात पाठवणे हा त्याचा अर्थ होऊ शकत नाही. दोन-तीन साक्षीदारांवाचून वडिलांवर आरोप घेऊ नये, हे तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातले वाक्य पुढच्या वाक्यासह वाचावे: जे पाप करत राहतात त्यांचा दोष सर्वांसमक्ष दाखवावा, असे तिथेच लिहिले आहे. आणि पैशाबद्दल म्हणाल तर, करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात पौल देणगी नेताना सोबत इतरांना घेतो, आपल्याकडे कोणी बोट दाखवू नये म्हणून. स्वतः पौलाला हिशेबाच्या वेळी सोबत माणसे हवी वाटली.

त्या भगिनीशी तुमचे बोलणे होणार असेल तर तिला तपशील विचारू नका. ज्यांनी तिला आधीच चार ठिकाणी तेच सांगायला लावले असेल त्यांच्यात आणखी एकाची भर नको, आणि अशा अनौपचारिक विचारपुशीतून पुढे तिच्याच जबानीत विसंगती दाखवली जाते. तिला बाहेरच्या समुपदेशकाची गरज आहे का, वकिलाची आहे का, तिला कोणी फोन करून धमकावते का, एवढे विचारा. क्षमा कर, असे सांगू नका. क्षमा ही तिची आणि देवाची गोष्ट आहे. तिने उद्या मनापासून क्षमा केली तरी चौकशीची गरज तसूभरही कमी होत नाही. तिचे नाव मंडळीत फिरू देऊ नका, प्रार्थनेची विनंती म्हणूनसुद्धा नाही.

दशमांशाबद्दल माझे मत असे आहे. देणे थांबवू नका. या सेवाकार्याच्या सर्वसाधारण खात्यात जमा करणे मात्र थांबवा. तेवढीच रक्कम दर महिन्याला वेगळी काढून ठेवा, किंवा ज्या कामाचे लेखापरीक्षित हिशेब तुम्हाला पाहता येतात अशा कामाला द्या, आणि तसे मंडळाला पत्राने कळवा. हा तुमच्या विवेकाचा निर्णय आहे आणि काही प्रामाणिक माणसे तो वेगळा घेतील. एखाद्या कर्मचाऱ्याचा पगार किंवा एखाद्या अनाथ मुलाची फी अडेल अशी भीती असेल तर ती फी थेट शाळेत भरता येते. "देणार नाहीस तर शाप लागेल" असे कोणी सांगितले तर कोणी, कधी आणि कोणासमोर सांगितले ते लिहून ठेवा.

पत्र दोन प्रतींत द्या, एका प्रतीवर तारखेसह पोच घ्या, आणि तोंडी उत्तर मिळाले तर त्याच दिवशी "आपण आज मला असे सांगितलेत" म्हणून ते लिहून मंडळाला परत पाठवा. तीस दिवसांत लेखी उत्तर आले नाही तर वकिलाच्या सल्ल्याने, तुमच्याकडे धर्मादाय संस्थांवर देखरेख ठेवणारी जी शासकीय यंत्रणा असेल तिच्याकडे अर्ज करा, आणि गुन्ह्याचा भाग पोलिसांकडेच राहू द्या. त्याआधी एकदा खजिनदारांना त्यांच्या घरी जाऊन भेटा. त्यांच्यावर काही सिद्ध करण्याचा दबाव आणू नका, मंडळाविरुद्ध उभे राहायला सांगू नका, कागदपत्रे मागू नका. चहापाणी, ख्यालीखुशाली झाल्यावर एवढेच विचारा: "दादा, तुम्ही कोणत्या कागदावर सही करायला नकार दिलात?" आणि उत्तर येईपर्यंत मध्ये काही बोलू नका.